अनुदान कसणाऱ्याला की सातबाऱ्यावरच्या नावाला?

प्रश्न एका तरुण शेतकऱ्याचा आहे. तो थोडक्यात असा: "आजोबांच्या नावावर दीड एकर आहे. आजोबा गेले, चार वर्षांपूर्वी वडीलही गेले. ती दीड एकर आणि एका मालकाची सहा एकर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, असं सगळं मी, आई आणि बायको मिळून करतो. गावच्या लाभार्थी यादीत पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांची नावं आहेत, आमचं नाही. सरकार शेतीसाठी एवढे पैसे देतं, ते नेमके कोणाला मिळतात? आणि आम्हाला त्यातलं काही मिळू शकतं का?"

भाऊ, मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली सगळी वर्षं मराठवाड्यात गेली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच दप्तरातून द्यावं लागेल, कारण हा प्रश्न तयार होतो तो तिथेच.

पूर्वी पीक पाहणी आम्ही हाताने लिहायचो. गाव नमुना बारामध्ये पिकाचं नाव, क्षेत्र आणि शेवटी जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव, असे रकाने असायचे. मी बांधावर उभा, समोर माणूस औत धरून. चार-पाच वर्षं त्या रानात तोच राबतोय हे मला माहीत, गावाला माहीत. तरी त्या रकान्यात मी लिहायचो 'खुद्द'. खुद्द म्हणजे मालक स्वतः. मालक भिवंडीला किंवा पिंपरीला. असं एकदा नाही, शेकडो गटांवर, म्हणजे जमिनीच्या नंबरांवर, लिहिलं. नियम उलटं सांगत होता. खातेदाराऐवजी दुसरा कोणी कसताना आढळला, तर तलाठ्याने नमुना चौदा भरून तहसीलदारांकडे पाठवायचा, चौकशी व्हायची, आणि मग कसणाऱ्याची नोंद व्हायची. पण नमुना चौदा भरला की मालक दुसऱ्या दिवशी बटईदाराला शेतातून काढायचा. म्हणून बटईदारच हात जोडायचा, "भाऊसाहेब, माझं नाव लावू नका." मी लावलं नाही. त्या वेळी त्याच्यावर उपकार करतोय असं वाटायचं. आज तुमचा प्रश्न वाचल्यावर त्या 'खुद्द'चा हिशेब डोळ्यांसमोर येतो.

सरकारला तुमचं शेत दिसत नाही, नोंद दिसते. आणि प्रत्येक योजना वेगळी नोंद बघते. पीएम किसान सातबारा बघते. अतिवृष्टीची मदत पंचनामा आणि सातबारा बघते. पीकविमा पीक पेरा बघतो. खताचं अनुदान दुकानातल्या मशीनवरचा अंगठा बघतं. वीजसवलत कृषिपंपाचं कनेक्शन बघते. कर्जमाफी बँकेची खातेवही बघते. त्यामुळे 'शेतकऱ्याला काय मिळतं' असं न विचारता 'कोणत्या कागदावर कोणाचं नाव आहे' असं विचारलं, की यादीतली बहुतेक कोडी सुटतात.

यादीतल्या पुण्या-मुंबईच्या नावांचं आधी बघू. पीएम किसान सन्मान निधी फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाला. वर्षाला 6,000 रुपये, 2,000 चे तीन हप्ते. सुरुवातीला 2 हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना होता, पण त्याच वर्षी ती अट काढली आणि सगळ्या जमीनधारक कुटुंबांना लागू केला. इथे 'जमीनधारक' हा शब्द नीट वाचा. गावात राहिलं पाहिजे, स्वतः कसलं पाहिजे, अशी अट त्यात कुठेच नाही. पुण्यात खासगी कंपनीत काम करणारा, आयकर न भरणारा आणि सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस पूर्ण पात्र आहे. तो काही लबाडी करत नाही, योजना तशीच लिहिलेली आहे. त्यामुळे यादीत शहरातली माणसं दिसली की लगेच बोगस म्हणू नका.

बोगस कोण ते वेगळं लिहून ठेवलंय. मागच्या वर्षी आयकर भरलेला. चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकरीतला किंवा तिथून निवृत्त झालेला. महिन्याला 10,000 किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा, यातही चतुर्थ श्रेणीला सूट आहे. आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष. नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आर्किटेक्ट. आणि संस्थेच्या नावावरची जमीन, म्हणजे देवस्थान, ट्रस्ट वगैरे. माझ्या नावावर वडिलोपार्जित शेत आहे, पण मी पेन्शनर म्हणून यात बसत नाही, आणि ते बरोबर आहे. पहिल्या दोन वर्षांत पडताळणी ढिली होती. माहिती अधिकारात उघड झालं की 20 लाखांहून जास्त अपात्रांना 1,364 कोटी रुपये गेले होते. त्यातले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते आणि महाराष्ट्र त्या यादीत वरच्या राज्यांत होता. नंतर वसुलीच्या नोटिसा निघाल्या. आता आधार, ई-केवायसी, भूमी अभिलेखाची जोडणी आणि फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, यामुळे तसं घुसणं अवघड झालंय. पण या चाळण्या फक्त अपात्राला बाहेर काढतात. कसणारा पात्र असूनही आत येत नसेल, तर त्याला आत आणण्याची एकही सोय त्यांत नाही.

राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी 2023 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला आणि पहिला हप्ता ऑक्टोबर 2023 मध्ये शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला. तोही वर्षाला 6,000. त्याची वेगळी यादी नाही, पीएम किसानचीच यादी त्याला लागते. म्हणजे एका दाराबाहेर राहिलात, की दुसरंही दार आपोआप बंद. वर्षाचे 12,000 एका नोंदीवर अडतात.

एक गोष्ट मात्र या योजनेच्या बाजूने सांगितली पाहिजे. रक्कम प्रत्येक कुटुंबाला सारखी आहे. एकरवाल्यालाही 6,000 आणि वीस एकरवाल्यालाही 6,000. तेलंगणाने 2018 मध्ये रयतु बंधू आणली, ती एकरी होती. सुरुवातीला हंगामाला एकरी 4,000, नंतर 5,000, आणि क्षेत्राला वरची मर्यादा नाही. जेवढी जमीन जास्त तेवढा चेक मोठा. आणि कुळाला, बटईदाराला त्यातही काही नव्हतं. आपल्याकडची पद्धत त्या मानाने लहान शेतकऱ्याच्या बाजूची आहे. देशात 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे 86 टक्के खाती 2 हेक्टरच्या आतली आहेत, म्हणून बहुतेक पैसा लहान खातेदारालाच जातो हे खरं आहे. फक्त तो खातेदार असला पाहिजे.

आता तुमच्या दीड एकराकडे येतो, कारण तिथलं काम तुमच्या हातात आहे. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. मेलेल्या माणसाचं आधार चालत नाही, केवायसी होत नाही, फार्मर आयडी निघत नाही. म्हणजे आजोबांच्या नावावरची जमीन सरकारच्या यंत्राला आज बेवारस दिसते. ही तुमची एकट्याची गोष्ट नाही. माझ्या शेवटच्या सजात, म्हणजे तलाठ्याकडच्या गावांत, निम्मे गट असे होते. 'वारस लावायला काय घाई आहे, आपसात भांडण नाही' असं म्हणत लोक वीस-वीस वर्षं काढतात. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली जिवंत सातबारा मोहीम 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर नेली, ती नेमकी याच दुखण्यावर. मयत खातेदारांची गाववार यादी करायची आणि वारसांची नावं लावायची.

तुमच्या घरात दोन मृत्यू आहेत, म्हणून वारस दोन पायऱ्यांनी लागतील. आधी आजोबांचे सगळे वारस, मग वडिलांचे. आजोबांच्या वारसांत तुमचे काका असतील तर ते, आणि आत्या असतील तर त्याही. आत्यांची नावं गाळून अर्ज करायला सांगणारे सल्लागार गावोगाव भेटतात, त्यांचं ऐकू नका. मी असे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नाव-बदलाच्या नोंदी, रद्द होताना बघितलेत, आणि रद्द झाल्यावर त्या नोंदीवर उभं राहिलेलं कर्ज, विमा, अनुदान सगळंच लटकतं. आत्यांना जमीन नको असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा सरळ रस्ता आहे. पण ते त्यांनी राजीखुशीने, समजून करावं. राखीला आलेल्या बहिणीच्या पुढे कागद धरून सही घेणं मी फार बघितलंय आणि मला ते कधीच पटलं नाही.

मृत्यूचे दाखले, वारसांची वंशावळ, प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार असे कागद घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करा, म्हणजे आमच्या वेळच्या तलाठ्याकडे. नाहीतर ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन टाका. फेरफाराची नोंद झाली की संबंधितांना नोटीस जाते आणि पंधरा दिवस हरकतीसाठी असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. इथे एक जुनं भूत तपासा. जुन्या उताऱ्यात आजोबांच्या किंवा काकांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय का? म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. एकाचं नाव लावायचं आणि बाकी भाऊ त्याच्या मागे, अशी ती पद्धत. तो शेरा राहिला की सरकारच्या लेखी खातेदार एकच उरतो. कुटुंब चार चुलींचं असलं तरी हप्ता एकच, आणि तो थोरल्याच्या खात्यात. आमच्या भागात भावाभावांत अबोला धरण्याचं हे एक मोठं कारण आहे.

पीएम किसानला जमीन 1 फेब्रुवारी 2019 ला नावावर असायला हवी होती, हा नियम सांगून सेवा केंद्रावर तुम्हाला परत पाठवतील. परत येऊ नका. वारसाने आलेल्या जमिनीला ती तारीख आड येत नाही. खरेदीने किंवा बक्षिसपत्राने नंतर आलेल्या जमिनीला येते. म्हणून नोंदणी करताना वारसाचा फेरफार आणि त्यासोबत 2019 च्या आधी जमीन आजोबांच्या नावावर होती हे दाखवणारा जुना फेरफार, असे दोन्ही लावायचे. नवा सातबारा, तुमचं, बायकोचं आणि अठराच्या आतल्या मुलांचं आधार, रेशन कार्ड हेही हवं. लोक एकच फेरफार लावतात आणि अर्ज महिनोन् महिने पडून राहतो.

योजनेतलं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. तुम्ही आणि तुमची बायको मिळून एक. तुमची आई मात्र नियमाने स्वतंत्र कुटुंब आहे. वडिलांच्या वाट्यात तिचं नाव लागणारच आहे, तेव्हा तिचा अर्ज वेगळा करा. तिला लाडकी बहीण योजनेचे 1,500 मिळत असतील, तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. पीएम किसान आणि नमो मिळून महिन्याला 1,000 धरतात, आणि लाडकी बहीणचे फक्त फरकाचे 500 मिळतात. तरी अर्ज करा. कारण सातबाऱ्यावर नाव असणं हे हप्त्यापेक्षा मोठं आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. एक बाई माझ्या कार्यालयात आली होती, नवऱ्याने विष घेऊन जीव दिल्यावर महिन्याभराने. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात मृत्यूचा दाखला, बँकेची नोटीस, खताच्या पावत्या, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. मी सातबारा काढला. जमीन सासऱ्याच्या नावावर, सासरा जिवंत. नवऱ्याचंच नाव कुठे नव्हतं, तर तिचं कुठून असणार? ती विचारत होती, "साहेब, वीस वर्षं मीच निंदलं-खुरपलं, मग मी शेतकरी नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. देशभरात शेतीची खाती बायकांच्या नावावर जेमतेम 14 टक्के आहेत, हे त्याच 2015-16 च्या गणनेतलं. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, नवऱ्याने जिवंतपणी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं म्हणून, आणि 1992 मध्ये सरकारने त्यासाठी परिपत्रकही काढलं. सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव लावायचा तो अर्ज आजही करता येतो. तुमचा हिस्सा तुमच्या नावावर लागला की बायकोचंही नाव लावून घ्या. माझ्या सबंध नोकरीत असे अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले.

अतिवृष्टी, गारपिटीच्या मदतीत नोंदीचा खेळ सगळ्यात बोचतो, कारण तिथे नुकसान डोळ्यांदेखत झालेलं असतं. पंचनामा ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. आपत्ती निधीच्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 असे दर आहेत, मर्यादा 2 हेक्टर. राज्य सरकार एखाद्या वर्षी स्वतःची भर घालतं किंवा 3 हेक्टरपर्यंत वाढवतं. तुमच्या बटईच्या सहा एकरांचं सोयाबीन पाण्यात गेलं, तर ते सुमारे 2.4 हेक्टर. 2 हेक्टरच्या मर्यादेने 17,000 रुपये निघतील आणि ते मालकाच्या नावाने. व्हीके नंबर, म्हणजे मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक, मालकाच्या नावाने येईल, केवायसीचा अंगठा त्याचा लागेल, पैसे त्याच्या खात्यात पडतील. बियाणं-खताला निम्मा पैसा तुम्ही घातलेला, मजुरी सगळी तुमची. काही मालक आपणहून अर्धे आणून देतात, अशी माणसं मी बघितली आहेत. पण देणं-न देणं त्यांच्या मनावर. ही मदत बँकेने कर्जखात्यात वळती करू नये, असं शासन निर्णयात लिहिलेलं असतं. कोणत्याही खातेदाराचे पैसे असे कापले, तर शाखेत लेखी तक्रार द्यायला घाबरू नका.

2023 च्या खरीपाचं सोयाबीन-कापसाचं अर्थसहाय्य आठवतंय ना? 2024 च्या सप्टेंबरअखेर पडायला सुरुवात झाली होती. हेक्टरी 5,000, 2 हेक्टरपर्यंत. त्याला ई-पीक पाहणीची नोंद लागली आणि सामायिक खातं असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र. चार भावांचं खातं, एक सुरतेला, एकाशी बोलणं बंद. सही मिळेना म्हणून कित्येकांचे पैसे अडकून पडले. ई-पीक पाहणी ऑगस्ट 2021 पासून राज्यभर आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. शेतकरी स्वतः फोटो काढतो, तलाठ्याच्या मनावर काही राहत नाही. पण ॲपमध्ये खातेदाराचं नाव निवडूनच पुढे जाता येतं. बटईदार बांधावर उभा राहून फोटो काढतो, आणि नोंद होते मालकाची. माझ्या हातचं 'खुद्द' आता मोबाइल लिहितो. हीच नोंद हमीभावाच्या खरेदी केंद्रावर लागते, म्हणून बटईदाराचं सोयाबीन तिथे मालकाच्या नावाने जातं आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, मालकाच्या खात्यात होतो. त्याला पटकन पैसे हवे असतात, मग तो अडतीत कमी भावाने घालून मोकळा होतो.

खताचं अनुदान मात्र तुम्हाला मिळतं, हे लक्षात आलंय का? युरियाची 45 किलोची पिशवी 266 रुपये 50 पैशांना येते ती सरकार कंपनीला पैसे भरतं म्हणून. 2022-23 मध्ये देशाचा खतावरचा खर्च सुमारे अडीच लाख कोटी झाला होता, तर पीएम किसानची वर्षाची तरतूद 60,000 कोटींच्या आसपास. इतका मोठा पैसा, आणि तो जमिनीचा कागद न बघता फक्त अंगठ्यावर सुटतो. बटईदाराला पूर्ण पोहोचणारं मोठं अनुदान हेच. पण ज्याच्याकडे पाणी आहे, ऊस-केळी आहे, तो पिशव्या जास्त उचलतो, म्हणून अनुदानही त्याच्याकडे जास्त जातं. विजेचंही तसंच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल 2024 पासून बिल माफ आहे, राज्यात असे सुमारे 44 लाख पंप आहेत. विहीर नाही, पंप नाही अशा कोरडवाहू माणसाला त्यातलं शून्य मिळतं.

ठिबक आणि अवजारांच्या बाबतीत सातबाऱ्याच्या पुढची अडचण आहे खिशाची. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, पूर्वसंमती आली की स्वतःच्या पैशाने वस्तू घ्यायची, बिल चढवायचं, अधिकारी मोका तपासणी करणार, मग अनुदान खात्यात. ठिबकला राज्याच्या पूरक अनुदानासह लहान शेतकऱ्याला 80 टक्क्यांपर्यंत मिळतं, कागदावर फार चांगलं आहे. पण आधी पूर्ण रक्कम घालायची ऐपत लागते, आणि पैसे कधी येतील त्याची खात्री नसते. ज्याला खरी गरज, तो पूर्वसंमती घेऊनही खरेदी करू शकत नाही आणि मुदत संपून अर्ज रद्द होतो. दीड एकरासाठी तुम्ही अर्ज कराल तेव्हा विक्रेत्याशी आधी बोला. काही जण शेतकऱ्याचा हिस्साच आधी घेतात आणि बाकी अनुदान आल्यावर घेतात. फक्त कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका.

कर्जमाफीबद्दल एवढंच सांगतो की ती बँकेच्या कर्जाला असते. 2008 ची, 2017 ची, 2019 ची, तिन्हींत सावकाराकडून काढणाऱ्याला काही नव्हतं, आणि बटईदाराला बँक उभं करत नाही. शिवाय 2008 मध्ये संपूर्ण माफीला 2 हेक्टरची रेघ मारली आणि विदर्भातला सात-आठ एकर कोरडवाहूवाला कर्जबाजारी माणूस रेघेच्या बाहेर राहिला. दोन एकर बागायत आणि आठ एकर मुरमाड यांतला फरक त्या कागदाला कळला नाही.

मग मालक लिहून का देत नाही, याचं मूळ तुम्हाला माहीत असावं. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी पश्चिम महाराष्ट्रात कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. मराठवाड्यात 1950 चा हैदराबादचा कायदा, विदर्भात 1958 चा. लाखो कुळांना त्याने जमीन मिळाली, हे फार मोठं काम झालं. पण तेव्हापासून मालकाच्या मनात धाक बसला, की कागदावर नाव गेलं म्हणजे जमीन गेली. आणि हा धाक अगदीच निराधार नाही, कृषक दिनानंतरच्या कुळालाही हक्क सांगता येईल अशी तरतूद कायद्यात आहे. म्हणून बटई, खंड, मक्ता, अर्धेली, ठोका, नावं दहा, पण कागद एकही नाही. नीती आयोगाने 2016 मध्ये शेतजमीन भाड्याने देण्याचा नमुना कायदा सुचवला होता. त्यात मालकाची मालकी पक्की ठेवायची आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळू द्यायची, असा तोडगा होता. माझ्या अनुभवाने हाच रस्ता आहे. ओडिशाने कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांनाही धरलं, आंध्रने रयतु भरोसात मागास आणि अल्पसंख्याक समाजातल्या कुळांना धरलं. अडचणी तिथेही आल्या, पण कसणाऱ्याला यादीत घेता येतं एवढं तरी सिद्ध झालं.

तोवर तुम्ही काय कराल? पीकविम्यात बटईदाराला जागा आहे, पण आपल्याकडे त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक ओळखीचा आणि समजूतदार असेल तर ठरावीक मुदतीचा करार वकिलाकडून करून घेण्याबद्दल बोलून बघा. 2025 च्या खरीपापासून एक रुपयाचा विमा बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरीपाला 2 टक्क्यांपर्यंत झाला आहे, तो कोण भरणार हेही त्यातच लिहा. पीककर्जासाठी किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी बटईदार आणि वाटेकरीही बसतात. शाखेत सातबाराच मागतील, तेव्हा चार-पाच बटईदार मिळून संयुक्त देयता गटाचा, म्हणजे एकमेकांच्या कर्जाची हमी घेणाऱ्या गटाचा, प्रस्ताव घेऊन जा. एकट्याला नाही म्हणणारा व्यवस्थापक गटाला निदान बसवून घेतो.

मालक करार करणारच नाही म्हणाला, तर पाडव्याला सौदा ठरतो तेव्हाच दोन साक्षीदारांसमोर बोलून घ्या. नुकसानभरपाई आली तर कशी वाटायची, विमा आला तर कसा, हमीभावाने माल घातला तर चुकारा किती दिवसांत. उत्पन्नाचा वाटा ठरवताना तुम्ही पायली-पायलीचा हिशेब करता आणि या पैशाबद्दल कोणी तोंडच उघडत नाही. पीक गेल्यावर बोलायला गेलं की ते भांडण होतं, आधी बोललं की तो सौद्याचा भाग असतो. आणि ई-पीक पाहणी तुम्हीच करा, मालकाच्या नावाने का होईना. ती राहिली तर पैसे दोघांनाही मिळत नाहीत.

या आठवड्यात आजोबांच्या खात्याचा 8अ, म्हणजे गावातल्या त्यांच्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा, काढा आणि गावात त्यांच्या नावावर आणखी एखादा गट आहे का बघा. विसरलेला दहा गुंठ्यांचा तुकडा मी अनेकदा 8अ वरच सापडलेला बघितलाय. मग जुने फेरफार, मग वारसाचा अर्ज. आईचं आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय तेही बँकेत विचारून घ्या. सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिम कार्ड घेताना कोणीतरी उघडून दिलेल्या, तुम्हाला माहीतही नसलेल्या खात्यात हप्ते साठत राहिल्याची प्रकरणं माझ्यासमोर आली आहेत. वारस नोंद प्रमाणित झाली की तुमचा आणि आईचा फार्मर आयडी काढा, एप्रिल 2025 पासून त्याच्याशिवाय कृषी खात्याच्या कोणत्याच योजनेचा अर्ज पुढे जात नाही. पीएम किसानचं काम आधी तहसीलकडे होतं, आता कृषी खात्याकडे आहे, म्हणून नोंदणीनंतरचा पाठपुरावा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसह.